डावीकडची एकच जागा

आत्याबाई,

आज सकाळी मी एका पोरीला नाही म्हटलं. मुलींचा संघ निवडायचा असला की अजून मला बोलावतात. तीन खुर्च्यांपैकी कडेची खुर्ची माझी, चहा पहिल्यांदा मला, आणि नावं वाचून दाखवायचं कामही माझंच, कारण सोबतच्या दोघा पुरुषांना नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. पोरगी चांगली खेळत होती. दुसरी एक तिच्याहून जरा बरी होती, एवढंच. पोरगी रडली नाही. पण तिची आई जाळीच्या पलीकडे उभी होती, आणि तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी हातातला कप खाली ठेवला. मनीषनगरला घरी पोचेपर्यंत तुम्ही डोक्यात होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वाडीच्या खानावळीत तुमच्या हातचं जेवलेली माणसंसुद्धा आता शोधावी लागतील. तरी वाटलं, आज लिहायचं तर तुम्हालाच.

तुम्ही मला पाहायला आलात तो दिवस आमच्या गल्लीत पुढे कित्येक वर्षं सांगितला जायचा. माझे वडील कचेरीतले कारकून, आई नाकासमोर चालणारी, आणि घरात एकुलती एक काळजी म्हणजे मी, चड्डी घालून फुटबॉल खेळणारी. तुमच्या लेकानं मला मैदानावरच पाहिलं होतं. तो वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क होता आणि रविवारी क्लबकडून खेळायचा. आईनं पडदे धुतले, पोहे केले, मला साडी नेसवली, आणि सगळे टांग्याची वाट बघत बसलो. दारापुढे येऊन थांबला तो ट्रक. त्याच्या केबिनमधून एका हातानं लुगड्याचा काष्टा सावरत, दुसऱ्या हातानं दांडा धरून तुम्ही खाली उतरलात आणि वळून ड्रायव्हरला म्हणालात, "अर्ध्या घंट्यात ये गा परत." आत येऊन बसलात, पोह्यांची ताटली घेतलीत. आई घाईघाईनं म्हणाली, "लग्न झालं की खेळ बंदच करील हो ती." तुम्ही तिकडे लक्षच दिलं नाहीत. मला विचारलंत, "सयपाक येते काय वं?"

मी मान खाली घालून म्हटलं, "नाही." आईनं मागून चिमटा काढला.

"मंग चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "माह्या चुलीपाशी दुसऱ्या कोणी लुडबुड केलेली मले खपत नाही. अन् दिवसभर घरी बसून काय करन ते? खेळू द्या तिले."

आई नंतर दोन दिवस म्हणत होती, ही बाई थट्टा करून गेली. थट्टा नव्हती हे मला लग्नानंतरच कळलं. तुमचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं. मामंजी होते तोवर घरात हातमाग चालायचा. ते गेले, मागाला काम मिळेना, तेव्हा तुम्ही शहरातलं घर सोडलंत आणि वाडीला अमरावती रोडवर, गोदामांच्या रांगेत भाड्याच्या दोन खोल्या घेऊन ट्रकवाल्यांसाठी खानावळ टाकलीत. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे तुमच्या पंगतीला पंजाबपासून मद्रासपर्यंतचे ड्रायव्हर. मला अजून दिसतं: तुम्ही पाटावर बसून भाकरी थापत आहात, बाजूला सावजी रश्शाचं पातेलं रटरटतं आहे, त्यावर बोटभर तर्री, आणि बाकावर बसलेला धिप्पाड सरदारजी एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं आणखी रस्सा मागतो आहे. दिवसभर अशा माणसांना दरडावणाऱ्या बाईला सुनेच्या उघड्या पोटऱ्यांचं काय वाटणार? मी सरावाला निघाले की तुम्ही भाकरीवरून नजर न उचलता एवढंच म्हणायच्या, "जेवून जाय." खेळाबद्दल मात्र कधी एक शब्द विचारला नाहीत. मी कुठे उभी राहते, जिंकले की हरले, काही नाही. मला ते थोडं लागायचं.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा बोलावणं आलं. पूर्वेकडच्या एका देशात आशियातल्या संघांची मोठी स्पर्धा होणार होती, आणि भारताचा मुलींचा संघ निवडायचं शिबिर त्या हिवाळ्यात आपल्याच नागपुरात भरणार होतं. मुलींच्या फुटबॉलला तेव्हा कुणी वाली नव्हता. सदर भागातल्या एका शाळेच्या वर्गांतली बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या, नळावर आंघोळी, आणि समोरच्या मैदानावर गवतापेक्षा मुरूम जास्त. पण बंगाल, मणिपूर, गोवा, केरळ, कुठून कुठून मुली आल्या होत्या. चाळीसेक जणींमधून सोळा निवडायच्या. निवड समितीचे मुख्य कलकत्त्याचे जुने खेळाडू होते, बारीक अंगाचे, मृदू बोलणारे, नागपूरच्या थंडीत डोक्याला मफलर गुंडाळून बसणारे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूनं गोलाकडे येणाऱ्यांना अडवायचं माझं काम. डावखुरी खेळाडू मुळातच कमी, त्यामुळे माझं नाव नक्की, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी शिबिराचा आचारी पुतण्याचं लग्न निघालं म्हणून गेला तो गेलाच. संयोजक हवालदिल. तुमच्या लेकानं त्यांना वाडीला आणलं. तुम्ही आधी त्यांच्यापुढे रस्सा-भाकर ठेवलीत. जेवताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि म्हणाले, "मावशी, उद्यापासून याल का?" तुम्ही पदराला हात पुसलेत. "येतो. पण एक आयका साहेब. माही सून तिथं हाय. तिच्या ताटात एक फोड जास्त पडली असं कोणी म्हटलं ना, तं मी पातेलं उचलून चालली येईन."

आणि मग रोज सकाळी, धुकं असतानाच, शाळेच्या फाटकात ट्रक येऊन थांबायचा. केबिनमध्ये तुम्ही, मागे भाजीची पोती आणि घासलेली पातेली. वाडीची खानावळ शेजारणीवर सोपवून तुम्ही दिवसभर शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत दोन चुली पेटवून बसायच्या. पहिल्याच दिवशी मुलींच्या डोळ्यांतून पाणी आलेलं पाहून तिखट निम्म्यावर आणलंत, बंगाली मुलींसाठी भात वाढवलात, मणिपूरच्या मुलींनी हिरवी मिरची कच्चीच मागितली तेव्हा खूश होऊन म्हणालात, "ह्या आपल्यातल्या हायेत." मला मात्र सगळ्यांत शेवटी वाढायच्या. कधी भाजी संपलेली असायची, मग वरण आणि लोणचं. गोव्याची एक मुलगी मला म्हणाली, ही बाई तुझ्यावर खार खाऊन आहे का? मी म्हटलं, माझी सासू आहे. ती म्हणाली, मग बरोबर.

केरळची एक मुलगी माझ्यासारखीच लेफ्ट बॅक होती. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावची, काळीसावळी, काडीसारखी बारीक. आली तेव्हाच तिचं पोट बिघडलेलं. हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही, आपली भाकर तिच्या घशाखाली उतरत नाही. सरावाला धावायची आणि मध्येच गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायची. दादा तिच्याकडे बघून मान हलवायचे. खरं सांगू, मला वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक छोटासा आनंदही होता. डावीकडची एकच जागा होती, आणि ती माझ्याकडे आपोआप चालत येत होती.

भरलेलंच परत येणारं ताट कुणाचं हे तुमच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तुम्ही तिला चुलीपाशी बोलावून बसवलंत आणि ताटात भात घातलात. ती हात आडवा करून म्हणाली, "मदी, मदी."

"मधीच तं वाढून राहिली ना वं," तुम्ही म्हणालात आणि ताटाच्या बरोबर मधोमध आणखी एक डाव भात टाकलात. ती रडकुंडीला येऊन, "मदी!" तुम्ही आणखी एक डाव. दोघींचा आवाज चढत गेला आणि ताटात भाताचा डोंगर झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रकमधून एकट्या आला नाहीत. मसाल्याची पोती घेऊन वाडीला येणारा कोचीकडचा एक ड्रायव्हर तुम्ही सोबत आणला होता. तो तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि तिचा बांध फुटला. किती दिवसांनी तिच्या कानावर तिची भाषा पडली होती. त्यानंच हसत तुम्हाला सांगितलं की तिकडे 'मदी' म्हणजे पुरे. आणि तिकडे आजारी माणसाला भाताची पेज देतात, सोबत नारळ घातलेली हिरव्या मुगाची उसळ. नारळ त्याच्या ट्रकमध्ये होते.

झालं. रोज दोन वेळा तिच्यासाठी वेगळं छोटं पातेलं चढायला लागलं. तुम्ही वऱ्हाडीत बोलायच्या, ती मल्याळीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. चार-पाच दिवसांत तिच्या डोळ्यांत तेज आलं. आठवड्यानं एका सरावसामन्यात ती डाव्या बगलेनं अशी सुटली, की आमच्या बाजूच्या दोघी तिच्या मागे नुसत्या धूळ खात राहिल्या. दादा खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी मफलर सोडला. ते मी पाहिलं.

मी तशीच, बूट न काढता, स्वयंपाकाच्या खोलीत आले. तुम्ही लसणाचा ढीग घेऊन बसला होतात.

"आत्याबाई, ती मुलगी लेफ्ट बॅक आहे."

"मंग?"

"मीसुद्धा लेफ्ट बॅक आहे."

"मंग?"

"मग एकच घेणार आहेत! तुम्ही तिला खाऊ-पिऊ घालून उभी केली, आता ती माझ्या जागी जाणार. तुमची स्वतःची मुलगी असती तर केलं असतं का असं? माझ्या आईनं नसतं केलं."

बोलून गेले आणि वाटलं, आता संपलं. चुलीतलं लाकूड तडतडलं. तुम्ही सोललेली पाकळी वाटीत टाकलीत, दुसरी हातात घेतलीत. "तुह्या आईले बोलाव मंग," तुम्ही शांतपणे म्हणालात. "ते येऊन ठेवन तिले उपाशी. मले नाही जमत ते काम." आणि मी तिथेच उभी आहे असं पाहून, "उभी काहून हाय? बस. लसूण सोल."

मी बसले. रडत होते की लसणानं डोळे झोंबत होते हे आज सांगता येणार नाही. वाटी भरत आली तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे लेफ बॅक लेफ बॅक करून राहिली, ते असते तरी काय वं?"

आत्याबाई, लग्नानंतर खेळाबद्दल तुम्ही मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी नाक पुसलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर लसणाच्या पाकळ्या मांडल्या. हा गोल, ही गोलकीपर, ही मी. ह्या समोरून येणाऱ्या. तुम्ही पुढे वाकून बघत होतात. उजव्या बाजूच्या पाकळीवर बोट ठेवून म्हणालात, "अन् ह्या जाग्यावर?"

"ती राइट बॅक. ते वेगळं असतं."

"तिथं किती पोट्ट्या हायेत?"

"एक चांगली आहे. बाकीच्या अशाच."

"तं तू तिथं काहून नाही उभी रायत?"

मला हसूच आलं. जसं काही पातेलं ह्या चुलीवरून त्या चुलीवर ठेवायचं आहे! मी म्हटलं, "अहो, मी डावखुरी आहे. तिथे उजवा पाय लागतो."

"मंग तो उजवा पाय काय शोभेले हाय काय?" तुम्ही म्हणालात आणि सगळ्या खेळाडू उचलून वाटीत टाकल्यात. त्यांची त्या रात्री फोडणी झाली.

मला तुमचा रागच आला होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाळेच्या मागच्या भिंतीवर उजव्या पायानं चेंडू मारत होते. पाय कसला, लाकूड. चेंडू कुठेही जायचा. थोड्या वेळानं कुणीतरी तो परत माझ्याकडे ढकलला. वळून पाहिलं तर केरळची मुलगी. तिनं माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवून मान हलवली, आपल्या पायातली रबरी चप्पल काढून माझ्या डाव्या पायात घालायला लावली, आणि माझा डावा बूट स्वतःच्या काखेत धरून पलीकडे जाऊन उभी राहिली. चपलेनं कोण चेंडू मारणार? निमूट उजव्या पायानं मारायला लागले. रोज पहाटे हेच. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चुकलं की ती पोट धरून हसायची, बरोबर मारलं की ओरडायची, "मदी!" आणि पुन्हा चेंडू टाकायचीच. आतून तुमचा आवाज यायचा, "वरणात बॉल पडला ना, तं दोघींलेही त्याच वरणात शिजवीन!"

शेवटच्या निवड सामन्याआधी मी दादांकडे जाऊन म्हटलं, मला उजवीकडे खेळू द्या. त्यांनी भुवया वर केल्या, कागदावरच्या नावापुढे बाण काढला, आणि म्हणाले, "देखते हैं." त्या दुपारी तुम्ही पहिल्यांदा सामना बघायला बाहेर आलात. हातात डाव तसाच, बाजूला सरदारजी आणि वाडीचे आणखी तीन-चार ड्रायव्हर. पूर्वार्धात माझ्या उजव्या पायानं दगा दिला. चेंडू थेट समोरच्या संघाच्या पायात गेला आणि आमच्यावर गोल झाला. सगळे हळहळले, आणि तेवढ्यात एकच टाळी ऐकू आली. तुमची. गोल कुणावर झाला हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. सरदारजी कपाळावर हात मारून म्हणाला, "मौसी, अपने ऊपर हुआ है!" "मंग काय झालं," तुम्ही म्हणालात, "गेला तं बराबर आतमंधी." मला मैदानातसुद्धा हसू आलं, आणि त्या हसण्यानंच पाय सैल झाले असावेत. उत्तरार्धात माझ्या बाजूनं कुणी पुढे गेली नाही.

निवड सांगायला संध्याकाळ होणार होती. दुपारभर चाळीस मुली व्हरांड्यात नखं खात बसल्या. तुम्हाला ते बघवेना. सरदारजीनं आणलेलं गाजरांचं पोतं तुम्ही व्हरांड्याच्या मधोमध ओतलंत, मिळतील तेवढ्या किसण्या वाटल्यात आणि फर्मान काढलंत, "ज्यांले काम नसन त्यांनी किसा." मग बंगाल, मणिपूर, गोवा, केरळ सगळे गाजर किसायला लागले. कुणीतरी गाणं सुरू केलं. कुणाचं बोट किसणीवर घासलं. नावं वाचायला दादा आले तेव्हा आमचे सगळ्यांचे हात केशरी होते.

डावीकडे केरळच्या मुलीचं नाव आलं. उजवीकडे त्या दुसऱ्या चांगल्या मुलीचं. सोळा नावं झाली. माझं नाव त्यानंतर, राखीव म्हणून, पहिलं. राखीव म्हणजे कुणी आजारी पडली तर. कुणी आजारी पडणार नव्हती. तुम्ही सगळ्यांना चांगलं खाऊ घातलं होतं. केरळची मुलगी माझ्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा जास्त रडली. तुम्ही दारात उभ्या होतात. फक्त "बरं" म्हणालात आणि आत गेलात.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. मी वर्षभर वाडीच्या गोदामांच्या भिंती उजव्या पायानं खिळखिळ्या केल्या, हमालांच्या शिव्या खाल्ल्या, आणि पुढच्या वर्षीच्या संघात राइट बॅक म्हणून गेले. डावीकडे ती, उजवीकडे मी. स्टेशनवर सोडायला आलात तेव्हा तुम्हाला एकच काळजी होती, "तिथं जेवाले काय देतेत?" जवसाच्या चटणीचा डबा बांधून दिलात. तो परदेशात दुसऱ्याच दिवशी संपला. निम्मा तिनं एकटीनं खाल्ला. सामने आम्ही जिंकलो त्यापेक्षा हरलो जास्त, पण राष्ट्रगीताच्या वेळी आम्ही दोघी रांगेत शेजारी शेजारी उभ्या होतो आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं आहे, चुलीपाशी बसून, लसूण सोलताना. जे सांगितलं नाही ते नावं वाचली त्या संध्याकाळच्या जेवणाचं.

पंगत बसली होती. चाळीस मुली, तिघे निवड करणारे, संयोजक, तुमचा लेक. तुम्ही हलव्याचं पातेलं कमरेवर घेऊन एका टोकापासून वाढत येत होतात. निवडलेल्या, न निवडलेल्या, सगळ्यांच्या वाटीत सारखा. दादांच्या पुढ्यात आलात. त्यांनी वाटी पुढे केली. तुम्ही पातेल्यात पाहिलंत, त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "संपला."

पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. त्यातून वाफा येत होत्या. संयोजकांचा घास हातातच राहिला. दादांनी वाटी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "कोई बात नहीं, माँ." तुम्ही पुढे सरकलात, त्यांच्या पलीकडच्या मुलीला वाढलंत, तिच्या पलीकडच्या मुलीला वाढलंत, आणि शेवटी माझ्यापाशी येऊन माझी वाटी इतकी भरलीत की हलवा कडेनं ताटात सांडला. इतक्या दिवसांत माझ्या ताटात एक फोड जास्त पडली नव्हती. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी खाली मान घालून बसले. नाव न आल्याचं दुःख तेवढ्यापुरतं कुठे गेलं कोण जाणे. मला वाटलं, उठून सगळ्या शाळेला ओरडून सांगावं, बघा, ही माझी सासू.

जेवणं आटोपली. तुम्ही मागे भांडी घासून घेत होतात. दादा व्हरांड्याच्या पायरीवर मफलर गुंडाळून एकटेच बसले होते. त्यांना तसं बघून मला राहवेना. तो माणूस चुकला नव्हता, आत्याबाई. केरळची मुलगी माझ्याहून बरी होती, आणि ते त्याला दिसलं, एवढाच त्याचा गुन्हा. मी माझी वाटी उचलली आणि त्यांच्यापुढे नेऊन धरली. ते दचकले. "सासूजी ने भेजा है? ज़हर तो नहीं?"

"उनको मालूम नहीं है," मी म्हटलं.

त्यांनी सगळा हलवा खाल्ला. चमचा चाटला. वाटी परत देताना म्हणाले, "दाहिने पैर को एक साल दो." पुढच्या वर्षी माझी निवड झाली ती त्या हलव्यामुळे नव्हे, असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आले आहे.

मी वाटी विसळून भांड्यांत ठेवली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाठ करून विचारलंत, "कसा झाला होता वं हलवा?" नुसतं 'छान' म्हटलं असतं तर तुम्हाला संशय आला असता, असं मला वाटलं. म्हणून खऱ्यासारखं वाटावं म्हणून बोलले, "छान झाला होता. साखर जराशी कमी वाटली."

त्यानंतर तुम्ही आयुष्यभर हलव्यात साखर वाढवत नेलीत. दर हिवाळ्यात, सणाला, तुमच्या नातवाच्या बारशाला. तुमचा लेक खाताना पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायचा. सरदारजी एकदा म्हणाला, मौसी, दाँत जुड़ गए. तुम्ही त्याला सांगितलंत, "सुनेले गोड लागते." आणि मी प्रत्येक वेळी वाटी पुसून खात आले.

हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणूनच हात धजावतो आहे. त्या दिवशीचा हलवा मी चाखलासुद्धा नव्हता, आत्याबाई. साखर बरोबरच असणार.